चौथ्या स्टेशनचा हात

पेपरातली बातमी दोन बोटं उंचीची होती. येत्या एक तारखेपासून तारसेवा कायमची बंद. वर दातांच्या पावडरची जाहिरात, खाली हरवलेल्या कुत्र्याचं वर्णन, आणि मध्ये आम्ही. मी ती मोठ्यानं वाचली. सकाळचा पेपर मी मोठ्यानं वाचायचा आणि बायकोनं ऐकायचा नाही, असा आमचा पन्नास वर्षांचा करार आहे. ती कप विसळत होती. तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, "काय म्हणालात?" मी पुन्हा वाचली. "बरं झालं," ती म्हणाली आणि नळ सोडला. एवढंच. मला जरा लागलं. माझी छत्तीस वर्षं त्या खात्यात गेली, निदान "अरेरे" तरी म्हणायचं. पण आमच्या घरात तारेचा विषय कुणी काढत नाही. भिंतीवर दोन फोटो आहेत. एक तिच्या वडिलांचा. ते तारमास्तर होते, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसलेत, उजव्या हाताची तर्जनी अर्धीच. मालडब्याच्या दारात सापडली होती म्हणे. दुसरा तिच्या दादाचा. तोही तारमास्तर, घाटातल्या चौथ्या स्टेशनवर. त्याचा फोटो चोविसाव्या वर्षीचा आहे, कारण त्यानंतरचा निघायला तो राहिला नाही. परक्यांचं राज्य होतं तेव्हा. त्यांनी त्याला धरून नेलं आणि गोळी घातली. मी जेवताना ज्या बाजूला बसतो तिथून तो समोर येतो. जागा बदलून घ्यावी असं पन्नास वर्षं मनात आहे, पण का बदलायची याचं कारण बायकोला काय सांगणार?

त्याच दिवशी दुपारी जेवण करून मी आतल्या खोलीत आडवा झालो होतो. सव्वा वाजला असेल. उन्हानं भिंती तापलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही, वरच्या मजल्यावरचा रेडिओसुद्धा झोपलेला. डोळा लागतालागता कुठून तरी आवाज आला. कट्ट. कट्ट. मग घसटल्यासारखं काहीतरी. मग कट्ट. नळ ठिबकत असेल म्हणून कूस बदलली, आणि कूस बदलताबदलता माझ्या कानानं तो आवाज वाचला. मी वाचला नाही, कानानं वाचला. पोहणारा माणूस पाण्यात पडला की हातपाय आपोआप हलतात, तसं ते असतं. "पाहुणे निघाले. दार लावून घ्या." मी उठून बसलो. छातीत धडधडत होतं. शब्दांमुळे नव्हे. शब्द कुणाचेही असू शकतात. धडधडलो मी हातामुळे.

हात म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आता हे जाणणारे आम्ही चारदोन म्हातारेच उरलोत. तारेची लिपी सगळ्यांची एकच, ठिपका आणि रेघ. पण पाठवण्याची ढब ज्याची त्याची. कुणाचा ठिपका चिमटा काढल्यासारखा, कुणाची रेघ जांभई दिल्यासारखी, कुणी शब्द संपला की क्षणभर थांबून जणू बघतो, कळलं ना? याला आम्ही 'हात' म्हणायचो. शंभर मैलांवर माणूस बसलेला, काळा की गोरा ठाऊक नाही, पण दोन अक्षरं आली की कळायचं, आज स्वारीचं पोट बिघडलंय. दोन माणसांचे हात कधी सारखे नसतात, असं मी नव्या मुलांना शिकवत आलो. आणि हात ओळखण्यात माझा हात कुणी धरला नाही. मला नावच पडलं होतं कानसेन. मुख्य कचेरीत साठ साउंडर, म्हणजे आलेली तार वाजवून ऐकवणारी यंत्रं, एका वेळी कडकडत, त्यात मी टेबलावर डोकं ठेवून सांगायचो, सात नंबरवर बंदरातला जाड्या आलाय, रजेवरून. तर त्या दुपारी माझ्या घरात आलेला हात लंगडा होता. ओळीनं तीन ठिपके आले की तिसरा अडखळून यायचा, दुखऱ्या पायानं जिना चढणाऱ्या माणसासारखा. साऱ्या खात्यात असा हात एकच होता. त्या हाताच्या मालकाला आम्ही लंगडा म्हणायचो, जरी तो स्वतः खणखणीत चालायचा. तो आता भिंतीवर आहे, फोटोत, चोविसाव्या वर्षी थांबलेला.

मी बाहेर आलो तेव्हा आवाज थांबला होता. बायको शिवणाच्या खोलीत वेताच्या खुर्चीत मान कलती करून झोपली होती. मांडीवर माझाच सदरा, सुई अर्धवट टाक्यात. मी स्वयंपाकघरात गेलो, नळ पाहिला. कोरडा. न्हाणीघरातला पाहिला. तोही कोरडा. दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता पुन्हा तेच. पाहुणे निघाले, दार लावून घ्या. तिसऱ्या दिवशी मी नळवाल्याला बोलावलं. त्यानं साऱ्या घरातल्या पाइपांना पान्यानं ठोकून पाहिलं आणि प्रत्येक ठोक्याला माझ्या अंगावर काटा आला. "काका, पाइप एकदम झकास आहेत. आवाज कसा येतो म्हणालात?" मी बोटानं ओट्यावर वाजवून दाखवला. "असा नळ मी उभ्या जन्मात ऐकला नाही," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता हत्यारं गोळा करू लागला. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा मी सहज म्हणून विचारलं, की माणसाला न वाजणारे आवाज ऐकू येतात का. "बाबा, कानाचं मशीन घ्या म्हटलं तर तुम्हाला कमीपणा वाटतो, आणि आता जास्तीचं ऐकू येतंय?" ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आईला सांगितलंत?" नाही, म्हटलं. आईला न सांगितलेल्या गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यात एकाची भर. हे अर्थात म्हटलं नाही.

लंगड्याशी माझी दोस्ती होती. आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं, पण तारेवर चार वर्षं बोलत होतो. सकाळी तो कोरडा असायचा. कामापुरतं घ्यायचा, कामापुरतं द्यायचा, नमस्कार नाही की चमत्कार नाही. पण दुपारी एक ते दोन, साहेबलोक जेवायला गेले आणि लाइन रिकामी पडली, की ह्याला कंठ फुटायचा. आज ढग इतके खाली आलेत की सिग्नल शोधायला माणूस पाठवलाय. आज एक बकरी तिकीट न काढता गाडीत बसली आणि उतरेना. कोडी घालायचा. उत्तर आलं नाही की चिडवायचा, कानसेन, कानांच्या मध्ये काही आहे का, की वारा इकडून तिकडे जातो? मी एकटा, भाड्याच्या खोलीत राहणारा, दिवसभर दुसऱ्यांचे जन्म, मृत्यू आणि फौजांच्या हालचाली बोटातून सोडणारा माणूस. मला त्या एका तासाची भूक लागायची. सकाळी उपाशी म्हणून कोरडा, दुपारी जेवला की खुलतो, असं मी माझं मला समजावलं होतं. साउंडरच्या मागे तंबाखूचा रिकामा पत्र्याचा डबा खोचला की आवाज खणखणीत येतो, ही युक्तीही त्यानंच शिकवली. मी तंबाखू खात नाही, तरी डबा विकत आणला होता.

परक्यांचं राज्य म्हणजे काय होतं, तर आमच्या बोटांवर चालणारं राज्य. त्यांची माणसं मूठभर आणि मुलूख अफाट, पण बंदरात आगबोट लागली की तासाभरात डोंगरापलीकडच्या छावणीला हुकूम पोचायचा, आणि तो पोचवायचो आम्ही. पाठवलेलं समजून घ्यायचं नाही, हा आमच्यातला रिवाज. समजून घेतलं की चुका होतात. पण त्या वर्षी डोंगरातले लोक उठले होते, आणि असं होऊ लागलं की पलटण गाडीनं वर जायची आणि वस्त्या रिकाम्या मिळायच्या. चुली गरम, माणूस एक नाही. तीनदा झालं. मग साहेबांच्या लक्षात आलं, की खास गाडीचा हुकूम घाटातल्या स्टेशनांवरून पुढे जातो आणि तिथलाच कुणीतरी रिकाम्या लाइनवर चार शब्द सोडतो. वर डोंगरात कुणी तारेला आकडा टाकून ऐकत असणार. घाटात स्टेशनं नऊ. कुठलं, ते शोधायला त्यांनी मला बोलावलं. साहेबाच्या खोलीत घाटाच्या लाइनीवर साउंडर जोडला होता. साहेबानं स्वतः खुर्ची पुढे केली आणि "बसा" म्हणाला. नोकरीत पहिल्यांदा त्या खोलीत मला कुणी बसा म्हटलं. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सव्वा वाजता आलं. पाहुणे निघाले, दार लावून घ्या. आणि मला हसू आलं. रस्त्यात अचानक ओळखीचं माणूस भेटल्यावर येतं तसं. साहेबानं ते हसू पाहिलं. "कोण?" त्यानं विचारलं. मला कुणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, लालूच दाखवली नव्हती. शाळेत उत्तर येत असलं की ज्याचा हात आधी वर जातो असा मी मुलगा होतो, आणि मला उत्तर येत होतं. "लंगडा," मी म्हणालो. "घाटातलं चौथं स्टेशन." दोस्ताचं नाव सांगून बसलो हे मला खोलीबाहेर आल्यावर कळलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं कशाला बोला? आतच कळलं होतं. पण खुर्ची मऊ होती.

त्याला जेवणावरून उठवला. हे मला पुढे बायकोनं सांगितलं, लग्नानंतर, एकदाच. शिपाई आले तेव्हा दादाच्या हातात घास होता, हात धुतो म्हणाला. त्यांनी विचारलं, पाठवणारा तूच का? तर त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, हो, मीच. एका शब्दानं नाकारलं नाही. त्या 'हो'वर मी माझं आयुष्य काढलं. त्यानं कबूल केलं, म्हणजे माझा कान खरा होता. माणूस म्हणून मी हलकट असेन, पण कान म्हणून चुकलो नाही. मरायला तो तयारच असणार, माझ्या नाही तर दुसऱ्याच्या कानानं सापडला असता. अशी पुढची ओळ मी त्याला जोडून घेतली होती. त्याला गोळी घातली त्यानंतर दहा दिवसांनी पुन्हा पलटण वर गेली. त्या वेळी दार लावा म्हणायला कुणी नव्हतं. त्या वस्तीचा अहवाल छावणीतून आला तो घ्यायला टेबलावर मीच होतो. पाठवलेलं समजून घ्यायचं नाही हा रिवाज मी त्या दिवशी पाळू शकलो नाही. अहवाल लांब होता. मी सगळा लिहून घेतला आणि खाली 'मिळालं' म्हणून पाठवलं, कारण ते पाठवल्याशिवाय पलीकडच्याला तार पाठवायच्या कळेवरून हात उचलता येत नाही.

आमच्या धंद्याचा हा पहिला धडा आहे. पाठवलं म्हणजे झालं नाही. घेणाऱ्याला शंका आली तर तो 'पुन्हा' म्हणतो. दहादा म्हणाला तरी पाठवणाऱ्यानं चिडायचं नाही, पहिल्याइतक्याच नीटपणे पाठवायचं. 'मिळालं' आलं की सुटलास. आता हे मला का आठवावं? तर त्याचं सामान पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मी हेच ठरवून गेलो होतो. सांगून टाकायचं. खात्यानं सामान दिलं होतं एका पिशवीत. एक सदरा, आरसा, वस्तरा आणि तंबाखूचा पत्र्याचा डबा. दार तिनं उघडलं. एकोणीस वर्षांची, भावाकडे स्टेशनवर राहून त्याचा स्वयंपाक करायची, आता आईकडे परत आलेली. मी नाव सांगितलं आणि म्हणालो, कचेरीत मला कानसेन म्हणतात. तिच्या चेहऱ्यात काहीतरी हललं. "तुम्ही होय," ती म्हणाली. "दादा सांगायचा." पिशवीतून तिनं फक्त डबा काढून घेतला आणि छातीशी धरला. मी तोंड उघडलं आणि पाणी मागितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. सांगायला म्हणूनच. असा सांगायला जाताजाता दीड वर्षानं मी बोहल्यावर उभा राहिलो. ती मला 'हो' का म्हणाली याचं मला नवल वाटायचं. नोकरी पक्की म्हणून असेल, भावाचा दोस्त म्हणून असेल. राज्य गेलं, झेंडा बदलला, तारा त्याच राहिल्या. चौथ्या स्टेशनवर दादाच्या नावाचा दगड बसला. दर वर्षी तिला मानानं बोलावतात, पहिल्या रांगेत खुर्ची देतात, आणि शेजारची खुर्ची मला. एका वर्षी वक्ता आला नाही म्हणून मला उभं केलं. मी त्याच्यावर पंचवीस मिनिटं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायको खाली बघत होती. घरी येताना म्हणाली, "बरं बोललात." बस्स. त्या दगडाजवळ ती कधी रडली नाही. हार घालताना तिचा हात मात्र दगडाला न लागता परत यायचा. मी समजायचो, दुःख.

आवाज सुरू होऊन आठवा दिवस असेल. मी ठरवलं, आज पडायचं नाही. भूत असो की कानातली अळी, समोर बसून बघायचं. सव्वा वाजता शिवणाच्या खोलीत गेलो आणि तिच्यासमोर तिपाईवर बसलो. ती झोपली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं, मांडीवर उशीचा अभ्रा. उजव्या हाताच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून शिवताना घालतात ते टोपण. हाताखाली बटणांचा डबा. तो डबा मी रोज बघतो. सदऱ्याचं बटण तुटलं की त्यातच खडखडवून शोधतो. झाकणावरचं तंबाखूचं चित्र केव्हाच पुसलंय. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचं बोट उचललं गेलं. कट्ट. कट्ट. मग अंगुस्तान पत्र्यावर घसटलं, ती रेघ. मग तीन ठिपके, तिसरा अडखळून. बोट एकटंच जागं होतं. वरचं सगळं शरीर निजलेलं, श्वास संथ, पापणी हलत नव्हती. पन्नास वर्षं ज्या हाताचं खाल्लं, तापात ज्या हातानं कपाळावर पट्ट्या ठेवल्या, त्या हातातून तिचा मेलेला भाऊ बोलत होता. मला भीती वाटली. बायकोची भीती वाटणं वेगळं, ती सगळ्यांनाच वाटते. ही तशी नव्हती.

तिला तारेची लिपी येते हे मला माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. माझ्या खिशात शिसपेन्सिल होती. तिपाईला लाकडी कड होती. लाइनवर अनोळखी कुणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो मी वाजवला. बावीस वर्षांत कळेला हात लावला नव्हता, पण बोटं विसरत नाहीत. "कोण?" तिचं बोट थांबलं. खोलीत इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा मला राग आला. मग डबा बोलला. "चौथं स्टेशन." मी वाजवलं, "लंगडा?" या वेळी उत्तराला वेळ लागला नाही. खेळकर, भरभर, दुपारच्या ढबीत आलं. "लंगडा जेवतोय. मी आहे."

लंगडा जेवतोय, मी आहे. मी पेन्सिल तशीच धरून बसलो आणि एकेक गोष्ट माझ्यासमोर येऊन उभी राहू लागली, जणू इतकी वर्षं दाराबाहेर खोळंबली होती. दुपारी एक ते दोन. भाऊ जेवायला बसणार, त्याला वाढून झालं की बहीण कळेपाशी बसणार. सकाळचा कोरडा लंगडा आणि दुपारचा कोडी घालणारा लंगडा. लेक लहान असताना बायको तिला जेवू घालताना कोडी घालायची आणि उत्तर नाही आलं की चिडवायची, कानांच्या मध्ये काही आहे का गं? हे माझ्यादेखत घडत होतं, आणि मी पेपर वाचत होतो, मोठ्यानं. मान वर केली तर दारातून जेवणघराच्या भिंतीवर तारमास्तर बसलेले, मांडीवर दोन्ही हात, तर्जनी अर्धी. तिसऱ्या ठिपक्याला त्यांचं ते अर्धं बोट कळेवर उशिरा पोचत असणार. घरातल्या एकाच कळेवर त्यांनी दोन्ही पोरांना शिकवलं, आणि पोरांनी बापाचं लंगडणंही अक्षर समजून गिरवलं, बोटं धडधाकट असून. दोन माणसांचे हात कधी सारखे नसतात. कानसेन! मला कान होते, डोळे नव्हते. मी चुकलो होतो. ज्या एका गोष्टीत मी चुकलो नव्हतो तिच्यातही चुकलो होतो. दार लावा म्हणणारा तो नव्हताच. त्याला काही ठाऊकही नसेल, घास हातात असताना त्याला कळलं, आणि त्यानं तिच्याकडे एकदा पाहिलं. आणि त्या 'हो'वर मी जसं आयुष्य काढलं तसं तिनंही काढलं, माझ्या शेजारी, एकाच पांघरुणात. दगडाला तिचा हात का लागत नव्हता? मला रडू आलं. हुंदका नाही, नुसतं पाणी. माझा दोस्त मेलाच नव्हता. मी त्याच्याशी लग्न केलं होतं, आणि पन्नास वर्षांत त्याच्याशी एकदाही बोललो नव्हतो.

मी उठून जाऊ शकलो असतो. ती झोपलेली होती. काहीच घडलं नाही म्हणून स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण डबा पुन्हा वाजला. हे शब्द मी त्या लाइनवर कधी ऐकले नव्हते. सावकाश, अक्षर न् अक्षर सुटं. "हात कुणी ओळखला?" थांबला. पुन्हा वाजला. "हात कुणी ओळखला?" आणि मला कळलं, की हा प्रश्न आजचा नाही. हा बावन्न वर्षं तारेवर आहे, आणि ती तार एक तारखेला कापली जाणार आहे. बरं झालं म्हणणारी बाई नळ सोडून पाठमोरी उभी होती, तिचा चेहरा मी पाहिला नव्हता. मी पेन्सिल टेकवली. मी पाठवलं, "मी. कानसेन. साहेबाच्या खोलीत. मीच ओळखला." आणि हात कडेवर तसाच ठेवला, धंद्याच्या नियमाप्रमाणे. डबा गप्प होता. मी मान वर केली. तिचे डोळे उघडे होते. केव्हापासून उघडे होते हे मी सांगू शकत नाही. ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, दुःखानंही नाही. तार घेणारा माणूस जसा कुठेच न बघता बघतो, तशी. बोटातलं अंगुस्तान उचललं गेलं. एकच शब्द आला.

"पुन्हा."

माझ्या पाठवण्यात चूक नव्हती. आणि तिच्यासारखा कान असलेल्या माणसाला पहिल्यांदा कळलं नाही हे शक्य नव्हतं. मी पुन्हा पाठवलं. ती म्हणाली, पुन्हा. दोन वाजले तेव्हा तिनं अंगुस्तान काढून डब्यात टाकलं, झाकण लावलं, आणि तोंडानं म्हणाली, "चहा टाकते. तुम्ही घेणार ना?" मी हो म्हणालो. साखर नेहमीइतकीच होती.

एक तारीख येऊन गेली. पेपरात शेवटच्या तारेसाठी रांगा लागल्याचा फोटो आला, त्याखालची ओळ मी मोठ्यानं वाचली. तिनं ऐकली नाही. सकाळी ती विचारते, "अहो, चष्मा कुठे ठेवलात?" आणि मी म्हणतो, "तुझ्या डोक्यावर आहे." लेकीचा फोन येतो. आवाज थांबले का बाबा? थांबले, म्हणतो. तोंडानं आम्ही त्या गोष्टीचा एक शब्द काढलेला नाही. पण सव्वा वाजला की ती भावाला वाढून यावं तशी हात पुसत येते, खुर्चीत बसते, अंगुस्तान घालते, डबा मांडीवर घेते. आता झोपत नाही. मी समोर तिपाईवर बसतो आणि पाठवतो. कधी वाटतं, ती मला छळतेय. कधी वाटतं, माझ्या नावाच्या जागी ती स्वतःचं नाव ऐकतेय आणि म्हणून तिला ते पुनःपुन्हा हवंय. मी विचारत नाही, कारण पाठवणाऱ्यानं विचारायचं नसतं. काल पाठवताना मात्र मी मध्येच थांबलो, कारण मला माझाच हात ऐकू आला. ओळीनं तीन ठिपके आले आणि तिसरा अडखळला. मी बोटं चोळून पुन्हा पाठवलं. पुन्हा अडखळला. तिनं पापणी हलवली नाही. आज अकरावा दिवस. मी चिडत नाही, घाई करत नाही, पहिल्याइतकंच नीट पाठवतो. 'मिळालं' अजून आलेलं नाही.